कयाकमधून कोकॅनी: डाउनरिगर राहू द्या, आधी वेग उतरवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पेडलची कयाक घेतलीत आणि मे महिन्यात चार वेळा पहाटे लेक स्टीव्हन्सवर गेलात. फिशफाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, ३५ ते ४० फुटांवर कोकॅनी माशांचे थवे दिसतात. चार इंची डॉजर (पाण्यात डुलणारी चकचकीत पत्र्याची पट्टी), त्यामागे दोन फूट लीडर (डॉजर आणि आमिष जोडणारी छोटी दोरी), टोकाला गुलाबी हूची (रबराचं छोटं झालरीचं आमिष), वेग ताशी २ मैलांच्या आसपास. चार दिवसांत दोनच मासे लागले आणि दोन्ही जाळीपाशी येऊन सुटले. आता डाउनरिगर (जड गोळ्याने आमिष खोल नेणारं यंत्र) घ्यावा का, आणि घराजवळच्या लेक सॅमॅमिशमध्ये हेच करता येईल का, असं विचारलंय.

डाउनरिगर आत्ता घेऊ नका. मासे तुम्हाला सापडलेत, खोलीचा अंदाजही ठीक आहे. पण तुम्ही त्यांच्यावरून फार जोरात जाताय, आणि हूची डॉजरपासून इतकी लांब बांधलीय की तिच्यात जीवच येत नाही. अशा वेळी खोली गाठायचं यंत्र विकत घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सॅमॅमिशबद्दलचं उत्तर 'नाही' असंच आहे, आणि त्याचं कारण खाली नीट सांगते.

मी वॉशिंग्टन राज्यात अकरा हंगाम कयाकमधून कोकॅनीसाठी ट्रोलिंग करतेय, म्हणजे चालत्या कयाकमागे आमिष ओढत मासे धरतेय. लहानपणी मामाबरोबर खाडीवर गरवायला जायचे, पण त्या अनुभवातला संयम सोडला तर इथे फारसं काही कामी आलं नाही. तिकडे आमिष टाकून मासा यायची वाट बघायची. इथे आमिष घेऊन माशाच्या घरावरून सतत फिरत राहायचं, आणि तेही अशा माशासाठी, ज्याला त्या आमिषाची भूक नसते.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात घ्या, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. कोकॅनी म्हणजे समुद्रात न जाणारा सॉकाय सामन. जात तीच, शास्त्रीय नावही तेच, फक्त हा सगळं आयुष्य तळ्यात काढतो. (नाव कानाला आपल्या 'कोकणी'सारखं लागतं, पण ते इथल्या सॅलिश भाषांतून आलंय आणि त्याचा अर्थ लाल मासा.) तो लहान माशांमागे धावत नाही. त्याचं मुख्य अन्न म्हणजे प्राणिप्लवक, पाण्यात तरंगणारे डॅफ्नियासारखे टाचणीच्या डोक्याएवढे जीव. पहिला मासा पकडलात की त्याचे कल्ले उघडून आत बघा. कल्ल्याच्या कमानीवर आतल्या बाजूला बारीक दात्यांचा लांब, दाट कंगवा असतो. पाणी त्यातून जातं आणि अन्न मागे अडकतं, म्हणजे गाळणीच ती. ट्राउटच्या कल्ल्यांत हाच कंगवा आखूड आणि विरळ असतो.

हा मासा प्लवकांवर किती अवलंबून आहे, हे मोंटानातल्या फ्लॅटहेड लेकमध्ये दिसलं. त्या खोऱ्यातल्या वरच्या तळ्यांत १९६८ ते १९७५ च्या दरम्यान मायसिस नावाची छोटी कोळंबी सोडली होती, माशांना खाद्य म्हणून. ती वाहत खाली फ्लॅटहेडमध्ये पोचली आणि कोकॅनीच्या तोंडचे प्लवक तिनेच फस्त केले. मॅकडॉनल्ड क्रीकमध्ये १९८५ साली लाखाहून जास्त कोकॅनी अंडी घालायला आले होते, १९८९ मध्ये पन्नासच्या आसपास. त्यांच्यावर जगायला दर शरदात शेकड्यांनी येणारे बाल्ड ईगलही येईनासे झाले.

मग प्लवक खाणारा मासा गुलाबी रबराच्या हूचीला तोंड का लावतो? माझ्या मते चिडून. डॉजर त्याच्या थव्यात शिरतो, झगमगतो, पाणी हलवतो, आणि त्याच्या मागे एक छोटी आगाऊ वस्तू उड्या मारत येते. कोकॅनी तिला हाकलायला चावतो. भुकेल्या माशाला आमिष नुसतं दिसलं तरी पुरतं, पण याला डिवचावं लागतं. आणि डिवचणं वेगावर ठरतं.

कोकॅनीसाठी ताशी ०.८ ते १.५ मैल हा पट्टा आहे. मी स्वतः १.१ ला सुरुवात करते. पाणी थंड असेल तर एकच्याही खाली जाते, उन्हाळ्यात १.४ पर्यंत. पेडल मारायला लागलं की पाय आपोआप २ वर जातात, कारण तेवढ्यावर चालवताना बरं वाटतं. एकचा वेग म्हणजे पाय कंटाळतील असा वेग. पहिले दोन दिवस तो जाणीवपूर्वक धरावा लागतो, मग अंगवळणी पडतो.

पण आकड्याला चिकटून राहू नका. स्क्रीनवर दिसतो तो जीपीएसचा वेग, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने. डॉजरला कळतो तो पाण्यातला वेग. वाऱ्याने वरचा थर एकीकडे सरकतो आणि ३५ फुटांवर पाणी उलट दिशेने चाललेलं असू शकतं. त्यामुळे एकाच तळ्यावर जाताना १.२ ला मासे लागतात आणि येताना त्याच १.२ ला काही नाही, असं होतं. खरा काटा तुमच्या रॉडच्या टोकावर आहे. निघण्याआधी डॉजर आणि हूची कयाकच्या बाजूला फूटभर पाण्यात सोडा आणि पेडल मारत बघा. फार हळू असाल तर डॉजर नुसता सरळ ओढला जातो. थोडा वेग वाढवला की तो डावी-उजवीकडे डुलायला लागतो, कुत्र्याच्या शेपटीसारखा, आणि मागची हूची प्रत्येक डुलण्याला झटका खाते. आणखी वाढवलात की तो उलटून गोल फिरायला लागतो. हे गोल फिरणं तुम्हाला नकोय. २ मैलांवर तुमचा चार इंची डॉजर जवळजवळ नक्की फिरत असणार, मग लीडरला पीळ पडतो. जाळीपाशी आणलेल्या त्या दोन माशांच्या वेळी लीडर दोरखंडासारखा वळलेला होता का, आठवून बघा.

डुलणं चांगलं जमलं की डोळे रॉडच्या टोकाकडे न्या. ते ठक-ठक-ठक असं एका लयीत वाकत असेल. ती लय पाठ करा. मग दोरी खोल सोडल्यावर स्क्रीन झाकली तरी चालेल. लय मंदावली तर पाय थोडे वाढवायचे. टोक नुसतं थरथरायला लागलं तर वेग जास्त आहे, किंवा हूचीत काही अडकलंय. लय पूर्ण थांबली तर बहुतेक वेळा गवत लागलेलं असतं, आणि कधीकधी छोटा मासा लागून मुकाट मागून येत असतो. अशा वेळी दोरी गुंडाळून बघायचा आळस करू नका.

इथे कयाक मोटारबोटीपेक्षा सरस आहे, असं मला मनापासून वाटतं. बोटीचं ट्रोलिंग मोटर एका सुरात चालतं, तर पायाच्या प्रत्येक दाबाला कयाक किंचित पुढे सरते आणि किंचित ओसरते. डॉजरला तो चढउतार मिळतो. शिवाय वळणं घेता येतात. सरळ रेषेत न जाता सापासारखं फिरा, रुंद वळणं घेत. वळणाच्या आतल्या रॉडचा डॉजर हळू होऊन थोडा बुडतो, बाहेरचा वेगात येऊन थोडा उचलला जातो. मासा कोणत्या रॉडवर लागला ते बघा. सलग दोनदा आतल्या बाजूला लागला, तर तळं तुम्हाला हळू जायला सांगतंय. वळणावर नाही जमलं तर दोन-तीन सेकंद पाय थांबवा आणि पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू करताना बसणारा झटका हा माझा सगळ्यात भरवशाचा डाव आहे.

आता लीडर. हूचीला स्वतःची हालचाल नसते, ती सगळी डॉजरकडून उसनी घेते. म्हणून तिचा लीडर डॉजरच्या लांबीच्या दुप्पट ते अडीचपट ठेवा. चार इंची डॉजरला आठ ते दहा इंच, बस्स. तुमच्या दोन फुटांत डॉजरचा झटका वाटेतच विरतो. स्पिनर लावणार असाल तर तो स्वतः फिरतो, त्याला बारा ते अठरा इंचही चालतात. लीडर १० पौंडी फ्लोरोकार्बनचा घ्या. मासा त्याहून पातळ दोरीवरही येईल, पण जरा जाड, ताठ लीडर झटका पुढे जास्त चांगला पोचवतो. गळ लहान, चार किंवा सहा नंबरचे, दोन एकामागे एक बांधलेले, आणि रोज धार तपासलेले. नखावर टोक टेकवा. घसरलं तर बदला.

डॉजरलाही थोडा बाक देता येतो. पितळी किंवा पातळ पत्र्याचा असेल तर दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी किंचित वाकवा. बाक वाढवला की तो कमी वेगातही डुलतो. माझ्याकडे एकाच आकाराचे तीन डॉजर आहेत, वेगवेगळ्या बाकाचे, आणि कोणता कधी लावायचा हे त्यांच्या ओरखड्यांवरून मला पाठ आहे.

प्रत्येक गळाला मक्याचा एक दाणा लावा. कणसाचा पिवळा गोड मका नको, तो फाटतो. डब्यात मिळणारा शूपेग जातीचा पांढरा मका घ्या, बारीक, लांबट आणि चिवट दाणे असतात. पाणी निथळून काचेच्या बरणीत भरायचा, त्यात लसणाचं मीठ आणि ट्यूनाच्या डब्यातलं तेल घालायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा. ती बरणी घरातल्यांना आधी दाखवून ठेवा, वास कडक असतो. गळ दाण्याच्या साल असलेल्या बाजूने आरपार काढा आणि एकाच दाण्यावर थांबा. दोन-तीन लावले की हूचीचा तोल बिघडतो. वीस मिनिटांनी दाणा फिका पडतो, तो बदलायचा. रंग मी गुलाबी आणि केशरी हेच दोन धरते. अर्धा तास काही झालं नाही तर आधी वेग बदलते, मग खोली, रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

खोली गाठायला तुमच्या ३५ फुटांसाठी साधं शिसं पुरतं. डॉजरच्या चार-पाच फूट पुढे तीन औंसांचं वजन लावा. माझ्या सामानावर, १.२ मैल वेगाने, ९० फूट दोरी सोडली की वजन साधारण ३५ फुटांवर चालतं. तुमची दोरी आणि रील वेगळी, म्हणून स्वतः मोजा. तळ सपाट आणि ३५ फूट खोल आहे अशी जागा शोधा, डॉजर काढून नुसतं वजन सोडा, ठरलेल्या वेगाने चालत दोरी थोडी थोडी वाढवत न्या. वजन तळाला टकटक करायला लागलं की रीलवरच्या काउंटरचा, म्हणजे किती दोरी सुटली ते दाखवणारा, आकडा लिहून ठेवा. डॉजर लावल्यावर ते थोडं वर उचललं जातं, म्हणून पाच-दहा फूट जास्त सोडायचे. रील काउंटरची नसेल तर ती आधी घ्या, डाउनरिगरच्या कितीतरी आधी. दुसरा पर्याय लेडकोअर दोरीचा, जिच्या पोटात शिशाची तार असते आणि दर दहा यार्डांना रंग बदलतो. एका रंगाला मला सहा-सात फूट खोली मिळते. काही तळ्यांवर लून पक्ष्यांमुळे लहान शिशाच्या वजनांना बंदी आहे, नियम बघून जा.

आमिष थव्याच्या पाच फूट वर चालवा, खाली कधीच नको. कोकॅनी वर झेपावतो, खाली सहसा येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये तो वरच्या वीस फुटांत असतो. पाणी तापत गेलं की ५० ते ५५ अंश फॅरनहाइटचा थर, म्हणजे १० ते १३ सेल्सिअस, जिथे असेल तिथे उतरतो. ऑगस्टमध्ये ७० फुटांवर गेला तर मग डाउनरिगरचा विचार करा. तेव्हाही कयाकसाठी छोटा, हलक्या गोळ्याचा, आणि दोरी कापायची सुरी हाताशी बांधलेली हवी. गोळा बुडालेल्या लाकडात अडकला आणि मागून लाट आली तर कयाक त्या बाजूला ओढली जाते.

वाऱ्याचा हिशेब पहाटेच करा. आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना पाठीवर घ्यायचा, म्हणजे दमल्यावर घरची वाट सोपी पडते. पाठीवरच्या वाऱ्यात कयाक पेडल न मारताच १.५ ने पळते. तेव्हा तिरकं नागमोडी चाला किंवा मागे छोटी ड्रिफ्ट सॉक (पाण्यात ओढली जाऊन वेग कमी करणारी कापडी पिशवी) सोडा. लेक स्टीव्हन्स सुमारे हजार एकरांचं, बरंच क्षमाशील तळं आहे. लेक शेलान पन्नास मैल लांब आणि १,४८६ फूट खोल, डोंगरांच्या घळीत. तिथे दुपारचा वारा मिनिटांत उठतो. निदान पहिला हंगाम तिथे जाऊ नका.

आता ते सुटलेले दोन मासे. कोकॅनीचं तोंड ओल्या कागदासारखं असतं. रॉड हापसून गळ रुतवायला गेलात की भोक मोठं होतं आणि मासा दोन क्षणांत मोकळा. मासा लागतो तेव्हा रॉडचं टोक दोनदा जोरात वाकतं, किंवा अचानक सैल पडतं, म्हणजे मासा वर धावतोय. दोन्ही वेळा करायचं एकच: रॉड होल्डरमधून हळूच उचलायचा आणि गुंडाळायला लागायचं. आणि पाय थांबवायचे नाहीत. हळू, पण चालू ठेवायचे. तुम्ही दोन्ही वेळा पेडल सोडून माशाकडे वळला असणार, सगळेच वळतात. कयाक थांबली की दोरी सैल होते आणि तीन औंसांचं वजन झोके घेत तोंडातलं भोक मोठं करतं. ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू न देणारा रीलचा ब्रेक, इतका सैल ठेवा की हाताने दोरी ओढली तर सहज निघावी. रॉड सात ते आठ फुटी, बुडापर्यंत वाकणारा मऊ हवा. बास माशासाठीचा ताठ रॉड वापरत असाल तर तुमचं अर्धं दुखणं तिथेच आहे.

जाळीपाशी मासा कयाक बघतो आणि शेवटचा जीव काढतो, स्वतःभोवती गरागरा लोळतो. तेव्हा त्याचं डोकं पाण्याबाहेर काढू नका. लांब दांड्याची रबरी जाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा डोक्याकडून तिच्यावर ओढत आणा. जाळी माशामागे नेली की तो सुटला.

एक गोष्ट मासेमारीची नाही, पण ती सोडून मी हे उत्तर पूर्ण समजणार नाही. तिसऱ्या हंगामात, एप्रिलमध्ये, माझ्याबरोबरचा एक मित्र धक्क्यापासून साठ-सत्तर यार्डांवर उलटला. उत्तम पोहणारा माणूस. लाइफ जॅकेट होतं, पण आत सुती कपडे. मी पोचेपर्यंत त्याला बोटांनी कयाकची कडा धरता येत नव्हती, माझ्याकडे बघून नुसतं ओठ हलत होते. आम्ही त्याला माझ्या कयाकला धरवून ओढत काठाला आणलं. थंड पाण्याचा १-१०-१ हा नियम तेव्हापासून मी प्रत्येक नवख्याला सांगते. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी तो लोकांपर्यंत नेला: श्वास आवरायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण एक तास. कयाकवर परत चढायचं ते त्या दहा मिनिटांत. जूनपर्यंत ड्रायसूट (पाणी आत न शिरू देणारा पोशाख) घाला, लाइफ जॅकेट अंगावरच ठेवा, शिट्टी त्याला बांधा. आणि उथळ पाण्यात, सोबत कोणी असताना, मुद्दाम कयाक उलटवून वर चढायचा सराव करा. जमत नसेल तर खोल पाण्यात जाऊ नका.

सॅमॅमिशबद्दल. रेडमंड, सॅमॅमिश, इसाक्वा या भागात आपली कितीतरी मराठी घरं त्या तळ्याच्या काठाने राहतात, म्हणून हे जास्त आग्रहाने लिहिते. तिथले कोकॅनी हॅचरीतून (मासे पैदा करायच्या केंद्रातून) आणून रुजवलेले नाहीत, ते मूळचे तिथलेच. एबराइट, लाफिंग जेकब्ज, लुइस अशा मोजक्या ओढ्यांत ते जन्मतात आणि तिथेच परत येतात. भोवती वस्ती वाढली, ओढे पाइपांत गेले, पाणी तापलं आणि ते फार थोडे उरलेत. त्यांना धरायला तिथे मनाई आहे. दुसरं काही पकडताना चुकून लागला तर पाण्याबाहेर न काढता गळ सोडवायचा. तुमच्या घरी मुलं आहेत असं लिहिलंय. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाऊस पडून गेल्यावर त्यांना यातल्या एखाद्या ओढ्यावर न्या, जिथे लोकांना उभं राहायला जागा आहे. वीतभर पाण्यात लालभडक मासे, हिरवट डोक्याचे, पाठ अर्धी उघडी, प्रवाहाविरुद्ध अंग घासत वर जाताना दिसतात. अंडी घालून झाली की ते मरतात. कुत्रा बरोबर नेऊ नका आणि ओढ्यात पाय टाकू नका, अंडी त्याच खड्यांखाली असतात.

स्टीव्हन्सवर पुढच्या खेपेला बर्फाची पेटी न विसरता न्या. मासा हाती आला की लगेच कल्ला कापून रक्त जाऊ द्या, मग थेट बर्फात. याचं मांस केशरी, तेलकट आणि नाजूक असतं, उन्हात अर्ध्या तासात मऊ पडतं. घरी नेल्यावर त्याला फार मसाला लागत नाही. हळद, मीठ, थोडं कोकमाचं आगळ, रव्यात घोळवून तव्यावर, कातडीची बाजू आधी.